सहावी ते दहावीची पुस्तकपेटी: कोणत्या कादंबऱ्या टाकायच्या?

पेटीवाली_ताई (चोपडा)

गावातल्या मुलांसाठी पत्र्याची पुस्तकपेटी भरायची आहे. पेटीत तीसेक पुस्तकं मावतात. मुलं बावीस, इयत्ता सहावी ते दहावी. बहुतेकांच्या घरी अहिराणी, दोन-चार घरांत लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी. गोष्टींची पातळ पुस्तकं आहेत, ती वाचून संपली. आता कादंबऱ्या हव्यात.

मोठ्यांनी काढून दिलेल्या चार याद्या माझ्याकडे आहेत आणि चारही जवळपास सारख्याच आहेत. म्हणून हा धागा वाचणाऱ्या पोरापोरींसाठी. इयत्ता लिहा, पुस्तक लिहा, पण 'खूप छान आहे' एवढ्यावर सुटका नाही. पुस्तक कुठे ओढून नेतं, कुठे अडतं, कुणाच्या हातात देऊ नये, ते लिहा. शेवट फोडू नका.

ट्टॉक_भुसावळ (सातवी)

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. दुसरं काही घ्या न घ्या, हा पाहिजेच. एकूण वीस पुस्तकं, उत्कर्ष प्रकाशनाची. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे, त्यामुळे क्रमाची भानगड नाही. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', यातलं कुठलंही आधी उचलता येतं. बन्या, म्हणजे फेणेच, सायकलवर टांग मारतो आणि गोष्ट सुटते. वर्णनात पान घालवत नाहीत.

अडतं कुठे, तर २०१७ चा सिनेमा बघून आलेली मुलं खुनाचा तपास शोधत बसतात. सिनेमातला फेणे मोठा झालेला आहे, पुस्तकातला पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी पोरगा आहे. हे आधीच सांगून द्यायचं. आणि तेव्हा मोबाईल नव्हता. संकटात तो फोन का करत नाही, हा प्रश्न हमखास येतो.

वीसच्या वीस घेऊ नका, ताई. पाच घ्या. बाकीच्यांसाठी मुलं स्वतः भांडतील.

सातपुडा_नववी (यावल)

वरच्याला माझं +१. पण नववीवाल्याला फेणे दिला तर तो एका दुपारी संपवतो आणि पेटीकडे फिरकत नाही. त्याच्यासाठी फेलूदा हा गुप्तहेर. सत्यजित राय यांच्या बंगाली कथा-कादंबऱ्या, मराठी अनुवाद अशोक जैन यांचा, रोहन प्रकाशनाच्या संचात बारा पुस्तकं. गोष्ट सांगतो तोपसे, म्हणजे फेलूदाचा चुलतभाऊ, आणि तो आपल्याच वयाचा आहे. जे त्याला दिसतं तेच आपल्याला दिसतं. फेलूदा मनात काय जुळवतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. तिथेच पुस्तक हातातून सुटत नाही.

इथे क्रमाचा थोडा फायदा आहे. लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू हे गमतीदार लेखक सोनेरी किल्ल्याच्या प्रकरणात पहिल्यांदा भेटतात. नंतरचं पुस्तक आधी वाचलं तर हे काका कोण आणि सगळे त्यांना का हसतात, ते कळत नाही. म्हणून 'बादशाही अंगठी' किंवा 'गंगटोकमधील गडबड' आधी, किल्ला त्यानंतर, बाकीचे कसेही.

एक वही पेटीतच ठेवा. संशयितांची नावं लिहायची, पुस्तक अर्ध्यावर आलं की आपला अंदाज लिहायचा, तारीख टाकायची. पुढचा वाचणारा पुस्तक संपवल्यावरच ती वही उघडेल असा नियम करा. नाही केला तर वहीच पुस्तकाचा सत्यानाश करते.

पांझराकाठ (धुळे, अकरावी)

मुलांची पुस्तकं सांगून झाली, आता मुलींचं सांगते. (मुलांनीही वाचावीत, काही झिजत नाही.) शांता शेळक्यांनी केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद. मेग, ज्यो, बेथ, एमी या चार बहिणी, वडील युद्धावर, घरात पैशांची ओढाताण. जाड पुस्तक आहे आणि तीच त्याची अडचण. आठवीतली मुलगी जाडी बघूनच खाली ठेवते. उपाय एकच, पहिली तीन प्रकरणं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायची. ज्यो आपले लांब केस कापून येते तिथपर्यंत वाचणारी पोहोचली, की पुढे तिला हाकलावं लागत नाही.

सहावी-सातवीसाठी संगीता बर्वे यांची 'पियूची वही'. रोजनिशीच्या रूपातली कादंबरी आहे, २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. नोंदी लहान, त्यामुळे जिची वाचायची सवय सुटलीय तिला बरोबर. एका बैठकीत दोन नोंदी, संपलं. वाचून झालं की मुली स्वतःची वही सुरू करतात. ती वही कुणी मोठ्यानं वाचायला मागू नये, एवढं मोठ्यांनी पाळावं.

कळण्याची_भाकर (शहादा, दहावी)

भो, सगळे पुण्या-मुंबईचंच सांगी ऱ्हायनात. गावाकडचं सांगा ना कोणी.

मी सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची आहे पण पातळ आहे, दीडशे पानांच्या आत. तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. गाव माणदेशातलं आहे, पण आपल्याकडे धुळे-नंदुरबार पट्ट्यात ठेलारी मेंढ्या घेऊन फिरतात ते ज्यानं पाहिलंय त्याला वाडा, लोकर, कोकरू, चाऱ्यासाठी गाव सोडणं काही समजावून सांगावं लागत नाही. बोलणं माणदेशी आहे. पहिली दहा पानं जीभ अडखळते, मग कानात बसतं. मनात वाचू नका, ओठ हलवून वाचा.

सातवीच्या खाली देऊ नका. घडत काहीच नाही म्हणून परत करतील. घडतं खूप, पण हळू.

कपाटाची_किल्ली (ग्रंथपाल, अमळनेर)

पोरांनो, चांगलं चाललंय. मधेच तोंड घालतो, कारण 'बनगरवाडी'चा मुद्दा मोठा आहे.

मोठ्यानं वाचायचं असेल तर आधी हिशोब करा. साध्या टायपातल्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द असतात. मुलांना समजेल अशा गतीनं मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पानाला दोन-अडीच मिनिटं. सव्वाशे पानांचं पुस्तक पाच तासांचं. रोज वीस मिनिटं धरली तर पंधरा दिवस. 'चौघीजणी' या हिशोबानं दोन महिने खाईल, म्हणून वरच्या ताईनं सांगितलेली तीन प्रकरणांची युक्ती बरोबर आहे.

दुसरं, पुस्तक मुलाला झेपेल का, हे पाहायची सोपी रीत. मधलं कुठलंही एक पान उघडून द्यायचं. मुलानं मनात वाचायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत मूठ मिटली तर ते पुस्तक सध्या ऐकायचं, एकट्यानं वाचायचं नाही. दोन-तीन बोटं मिटली तर द्यावं. एकही मिटलं नाही तरी द्यावं, मजेसाठी वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिलं पान मात्र तपासायला घेऊ नका, ते लेखकानं घासूनपुसून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे या चाचणीत एक गंमत दिसते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाची बोटं 'परिस्थिती', 'निर्णय' अशा शब्दांवर मिटत नाहीत, ते शाळेत भेटतात. बोटं मिटतात 'माजघर', 'फडताळ', 'पडवी', 'सोवळं' यांवर. म्हणजे अडचण अवघड मराठीची नाही, दुसऱ्या मुलखातल्या घराची आहे. त्यावर औषध सोपं. पुठ्ठ्याची एक पट्टी कापायची, तीवर असे आठ-दहा शब्द आणि समोर आपल्या बोलीतला अर्थ लिहायचा, तीच पुस्तकात खूण म्हणून ठेवायची. दहाच्या वर शब्द लिहू नका, पट्टीचा धडा होतो.

पेटीवाली_ताई (चोपडा)

सर, ही पट्टी करतेच. 'श्यामची आई'चं काय करू? चारही याद्यांत पहिलं नाव तेच आहे, आणि मुलं घेत नाहीत.

सातपुडा_नववी (यावल)

घेत नाहीत कारण ते बक्षीस म्हणून मिळतं. प्रत्येकाच्या घरी एक आहे. आणि देताना 'यातून शिक' असं सांगून देतात.

कपाटाची_किल्ली (ग्रंथपाल, अमळनेर)

नववी, तुझं म्हणणं खरं आहे.

ताई, ते कादंबरी म्हणून देऊच नका. बेचाळीस रात्रींच्या आठवणी आहेत, प्रत्येक रात्र सुटी वाचता येते. पहिल्या पानापासून सुरू केलं की मूल तिसऱ्या-चौथ्या रात्री थांबतं. 'श्यामचे पोहणे' आधी द्या. पोहायला घाबरून लपणारा मुलगा कुठल्याही गावात असतो. मग 'पत्रावळ', मग 'मोरी गाय'. तीन झाल्या की बाकीच्या त्याच्या मनावर सोडा.

प्रत घेताना मात्र जपून. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत संपली, त्यामुळे २०११ पासून कुणीही हे पुस्तक छापू शकतं. बाजारात पाच-सहा तऱ्हेच्या आवृत्त्या आहेत. काही संक्षिप्त आहेत आणि तसं मुखपृष्ठावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, काहींवर तेही नसतं. अनुक्रमणिका उघडायची आणि बेचाळीस रात्री मोजायच्या. कमी भरल्या तर ठेवून द्या. टाइप डोळ्याला लागेल इतका बारीक असेल तरी ठेवून द्या.

एक टीप, कारण गाव आमचं आहे. गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत. पुस्तक आलं १९३५ साली. त्याआधी १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. गोष्ट कोकणातली, पण लिहिणारा मास्तर आपल्याकडचा. मुलांना हे सांगितलं की पुस्तक जरा जवळचं होतं. 'धडपडणारी मुले' ही त्यांची कादंबरी मात्र दहावीच्या आधी नको, त्यात भाषणं लांबतात.

पांझराकाठ (धुळे, अकरावी)

खान्देशचाच विषय निघालाय तर कुणीतरी 'कोसला' सुचवणारच, म्हणून आधीच सांगते. लेखक भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, नायक पांडुरंग सांगवीकरही तिकडचाच, पण तेवढ्यावरून ती शाळेच्या पेटीत टाकू नका. ही १९६३ ची कादंबरी कॉलेजात जाऊन हरवलेल्या मुलाची आहे. बारावीनंतर वाचली तर हसूही येतं आणि पोटात खड्डाही पडतो. नववीत वाचली तर नुसताच कंटाळा, आणि मग पुन्हा आयुष्यात हात लावला जात नाही. पुस्तक लवकर दिल्यानं वाया जातं, त्याचं हे पक्कं उदाहरण.

नववी-दहावीला द्यायची ती मिलिंद बोकीलांची 'शाळा'. नववीतला मुकुंद जोशी, शिरोडकर नावाची मुलगी, बाहेर आणीबाणी. भाषा मुलांची आहे, शिव्यांसकट. त्यासाठी काही शिक्षक ती कपाटात कुलूप लावून ठेवतात. माझं मत असं, की ज्या वयाची गोष्ट आहे त्या वयात दिली नाही तर कधी देणार?

कपाटाची_किल्ली (ग्रंथपाल, अमळनेर)

द्या, पण सहावीच्या मुलाच्या हाती लागणाऱ्या पेटीत नको. पेटीचे दोन कप्पे करा, मधे प्लायवूडची फळी. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत चिठ्ठी, सहावी-सातवी हिरवी, आठवीच्या पुढे निळी. निळीचं पुस्तक खालच्या वर्गातल्यानं मागितलं तर 'नाही' म्हणू नका, बोटांची चाचणी घ्या. 'शाळा'पुरतं मात्र ताईनं स्वतः आधी वाचून ठरवावं.

कळण्याची_भाकर (शहादा, दहावी)

जंगलाची दोन. दोन्ही निळी चिठ्ठी.

'पाडस'. राम पटवर्धनांचा अनुवाद. मूळ इंग्रजी १९३८ चं, पुलित्झर मिळालेलं. फ्लोरिडाच्या रानात ज्योडी हरणाचं पाडस पाळतो. पाडस वाढतं आणि शेतातलं पीक खायला लागतं. आपल्याकडे रोही (नीलगाय) मक्यात घुसल्यावर घरात काय बोललं जातं ते ज्याला माहीत आहे, त्याला बापाचं चूक वाटत नाही आणि पोराचंही चूक वाटत नाही. पुस्तकाचा सगळा जीव तिथे आहे. सुरुवात संथ आहे. झाडं, ओहोळ, माती. अस्वलाची शिकार येईपर्यंत धीर धरायचा. ज्याचं घरचं जनावर नुकतंच गेलंय त्याला आत्ता देऊ नका.

दुसरं 'सत्तांतर', पुन्हा माडगूळकर. वानरांच्या टोळीची गोष्ट, अगदी पातळ. १९८३ चं साहित्य अकादमी पारितोषिक. पुस्तकातली वानरं म्हणजे सातपुड्यात दिसतात ती काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. लाल तोंडाचं माकड डोळ्यासमोर आणलं तर सगळं चुकतं. टोळीवर नवा नर आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो, तेही पुस्तकात आहे आणि लपवलेलं नाही. पातळ बघून पाचवीच्या पोराला देतात, तिथे घोटाळा होतो.

ट्टॉक_भुसावळ (सातवी)

विज्ञानाचं कुणीच नाही सांगितलं! जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. जमिनीत खोल एक पेटी सापडते, आत खूप जुन्या आणि आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या माणसांचं ज्ञान, आणि त्यातून यंत्रमानव. सुरुवातीला शास्त्रज्ञांची नावं एकदम येतात, ती कागदावर लिहून घ्या, मग सोपं जातं.

आणि हॅरी पॉटर मराठीत आहे, मंजुल प्रकाशनाचं. पहिलं 'हॅरी पॉटर आणि परीस'. इथे क्रम मोडायचा नाही, एकापुढे दोनच. पुढची पुस्तकं जाड होत जातात, पाचवं सगळ्यात जाड. पेटीत पहिली तीनच ठेवा आणि पहिल्याच्या दोन प्रती. एकच प्रत असली की बावीस जणांची रांग पहिल्यावरच अडते, आणि दुसरं-तिसरं पेटीत नुसतं पडून राहतं.

पेटीवाली_ताई (चोपडा)

हे दोन प्रतींचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ट्टॉक, शाबास.

पांझराकाठ (धुळे, अकरावी)

दोन राहिली. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन आजी-आजोबांकडे राहतो, बेळगावकडचा मुलूख, भाषेला कानडी वळण. तशा कथाच आहेत, पण सलग वाचल्या की कादंबरीसारख्या लागतात. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', याच क्रमानं. लंपन क्रमानं मोठा होतो. आठवीच्या पुढे. ज्याला 'मग काय झालं?' एवढंच हवं असतं त्याला नाही आवडणार. ज्याला एकटं बसायला आवडतं तो परत करायचाच नाही. रजिस्टरवर लक्ष ठेवा.

आणि प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग'. हिमालयात कड्यातून रस्ता काढणारा तरुण इंजिनिअर, लष्करी शिस्त आणि नियम मोठा की माणूस यावरून उठलेला वाद. दहावीतल्या ज्या मुलाला 'कादंबऱ्या म्हणजे मुलींचं काम' वाटतं त्याच्यापुढे ही ठेवा. सुरुंग, दरड, मजूर, थंडी. त्याला कळायच्या आत अर्धी होते.

सातपुडा_नववी (यावल)

पैसे संपले तर? 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, १९७१ पासूनचे. सलग गोष्ट असलेली पानं छापून घ्यायची, दोन बाजूंनी. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंकही स्वस्तात येतो. पण कादंबरीच्या जागी नाही, सोबतीला.

बाइंडर_काका (जळगाव)

पुस्तकं कोणती ते पोरांनी सांगितलं. ती टिकतील कशी, ते मी सांगतो, कारण पत्र्याची पेटी म्हटलंय.

पत्र्याची पेटी मे महिन्यात उघड्या पडवीत ठेवली तर आत भट्टी होते. आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, पत्र्याच्या आत त्याहून जास्त. पाठीला नुसता डिंक लावून चिकटवलेलं पुस्तक असेल तर तो डिंक वाळून कडक होतो आणि पुस्तक पहिल्यांदा सपाट उघडलं की मधली पानं गठ्ठ्यानं बाहेर येतात. घेतानाच पुस्तकाच्या पाठीचा वरचा कड बघा. पानांचे छोटे छोटे घडीचे गठ्ठे दिसले आणि मधल्या पानात दोरा दिसला तर शिवण आहे, घ्या. सुटी पानं एका रेषेत चिकटवलेली दिसली तर नुसती चिकट बांधणी आहे. जाड पुस्तकात शिवणच बघा, पातळात चालून जातं.

पानं सुटली तर चिकटपट्टी लावू नका. वर्षाभरात ती पिवळी पडते, तिचा चिकटा अक्षरांवर उतरतो आणि शेजारचं पान धरतो. असं करा. सगळी पानं क्रमानं लावा, पाठीकडून ठोकून सरळ करा. दोन फळ्यांत घट्ट आवळा, पाठ अर्धा सेंटिमीटर बाहेर राहू द्या. बारीक दातांच्या करवतीनं पाठीवर आडव्या चार खाचा पाडा, दोन-तीन मिलिमीटर खोल. जास्त खोल नको, नाहीतर आतल्या कडेची अक्षरं कापली जातात. पांढरा गोंद खाचांत भरा, जाड सुती दोरा गोंदात बुडवून प्रत्येक खाचेत दाबा. मग सगळ्या पाठीवर गोंदाचा पातळ थर आणि वर मांजरपाटाची पट्टी, दोन्ही बाजूंना बोटभर जास्त. रात्रभर तसंच आवळून ठेवा. सकाळी पट्टीच्या कडा पुठ्ठ्याला चिकटवा. गोंद जास्त झाला तर पानं एकमेकांना धरतात, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पानामागे प्लास्टिकचा कागद घाला.

कव्हर खाकी कागदाचं घाला. प्लास्टिकच्या कव्हरात पावसाळ्यात ओल कोंडते आणि पुठ्ठ्याला बुरशी येते.

पेटीवाली_ताई (चोपडा)

काका, वाळवीचं काय? पेटी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून आहे.

बाइंडर_काका (जळगाव)

आधी भिंतीपासून काढा. वीतभर अंतर ठेवा आणि चार विटांवर चढवा. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून मातीची नळी करत येते. अंतर असलं की नळी डोळ्याला दिसते आणि मोडता येते. डांबरगोळ्यांनी झुरळं-कसर कमी होते, वाळवीला त्याचं काही नाही. दर शनिवारी पेटी रिकामी करून पुस्तकं झटकायला पोरांनाच लावा. झटकताना पानं चाळली जातात, त्यात चार जण वाचत बसतात, त्यांना उठवू नका.

ट्टॉक_भुसावळ (सातवी)

ताई, रजिस्टरमध्ये एक रकाना जास्त ठेवा. 'कितव्या पानावर सोडलं'. न आवडलेलं पुस्तक परत करताना मुलं वाचलं म्हणून खोटं सांगतात. पानाचा नंबर लिहायला लाज नाही वाटत.

पेटीवाली_ताई (चोपडा)

रकाना आखला. उद्या जळगावला जाते आहे, दुकानात शिवण बघूनच घेईन.